डिस्कसचा मोठा टँक लावताय? मासे त्याच दिवशी का देत नाही, ते वाचा

"टँक तुमच्याकडून, स्टँड तुमच्याकडून, फिल्टर तुमच्याकडून, मग मासे द्यायलाच महिना-दीड महिना का?" हा प्रश्न दुकानात रोज कुणीतरी विचारतंच. रविवारी वास्तुशांती असली की गिऱ्हाईक शुक्रवारी येतं. टँक आज लावा, मासे उद्या सोडा, पाहुण्यांसमोर शोभा यायला पाहिजे, अशी मागणी असते. आम्ही नाही म्हणतो. "रोख देतोय की ओ!" हेही मग ऐकून घेतो. काउंटरवर उभं राहून प्रत्येकाला तेच सांगण्यात दोघांचाही वेळ जातो, म्हणून हे छापून घेतलं आहे. गप्पी, मोली, एंजल पाळून झालेल्यांसाठी हे आहे. फिल्टर कशाला लागतो, इथून सुरुवात करत नाही.

टँक आणि जागा

डिस्कस एकटा-दुकटा ठेवायचा मासा नाही. सहापेक्षा कमी घेतले तर त्यातला दांडगा बाकीच्यांना खाऊ देत नाही. सहा-आठ मासे असले की मार वाटला जातो आणि कळप शांत राहतो. पूर्ण वाढलेला मासा तळहाताएवढा होतो आणि एकाला साधारण ४० लिटर पाणी धरावं लागतं. म्हणून आम्ही ४ बाय २ बाय २ फुटांच्या खाली डिस्कससाठी टँक सुचवत नाही. ही पेटी १६ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे ४५० लिटरची. काठ सोडून आणि आतलं सामान वजा जाता पाणी ४०० लिटरच्या आसपास बसतं.

पाणी, १२ मिलिमीटरची काच, वाळू आणि स्टँड मिळून वजन ५५० ते ६०० किलोच्या घरात जातं. फ्लॅटमध्ये ही पेटी भिंतीलगत, खालून बीम जाते तिथं ठेवा. बाल्कनीत किंवा पुढं काढलेल्या स्लॅबवर नको. स्टँड कोल्हापुरातल्या उद्यमनगरातून स्वतः वेल्डिंग करून आणलात तरी आमची ना नाही. फक्त चारही पाय लेव्हलला आहेत का ते पाहा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला. एका कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला तर काचेवर ताण येतो, आणि ती तडकते तेव्हा शक्यतो रात्रीच तडकते.

हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, २०० वॉटचे दोन पुरतात. एक बंद पडला तर दुसरा वेळ निभावतो, आणि एक चालूच राहून अडकला तरी एकट्याच्या जोरावर एवढं पाणी लगेच उकडत नाही. पाणी बदलताना दोन्हींचा प्लग काढा, नाहीतर उघड्या पडलेल्या हीटरची काच फुटते.

आता मुद्द्याचं

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजूनही तोच होतो. चालू टँकमध्ये फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर जिवाणू बसलेले असतात. त्यातले काही अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पाणी बदललं की जातो. नव्या कोऱ्या फिल्टरमध्ये हे जिवाणू जवळपास नसतातच. ते आपोआप येतात, पण वाढतात फार सावकाश. साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, यांना त्यासाठी दिवसाच्या आसपास लागतो. चार ते सहा आठवडे जातात ते इथं. आम्ही माल अडवून बसलेलो नाही.

गप्पी नव्या टँकमध्ये तगतात, मग डिस्कस का नाही? डिस्कस ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, कोमट, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातला मासा. त्याला २८ ते ३० अंश तापमान लागतं, आणि पाणी जितकं गरम तितका अमोनिया जास्त विषारी. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा, तोही तेच करतो. पीएच ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या साधारण नऊपट भाग पीएच ८ ला असतो. शेजाऱ्याच्या टँकमध्ये मासे पहिल्या दिवसापासून मजेत होते, असं कुणी सांगितलं तर त्यांचं पाणी कुठलं होतं आणि मासे कुठले होते, हेही विचारा.

दुकानात नाही म्हटलं की काहीजण मासे दुसरीकडून आणतात. पुढं जे घडतं ते ठरलेलं आहे. पहिले दोन दिवस सगळं छान, व्हॉट्सॲपवर स्टेटस लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे काळवंडतात, कोपऱ्यात तोंड करून उभे राहतात, खात नाहीत, कल्ले भराभर हलतात. पाणी दुधाळ होतं. आणि इथं घरातलं कुणीतरी टँक "स्वच्छ" करायला घेतं. सगळं पाणी काढलं जातं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला जातो. रिंगा चाळणीत घेऊन घासल्या जातात, वाळू धुतली जाते, आणि नळाचं ताजं पाणी भरलं जातं.

जे थोडे जिवाणू कसेबसे बसले होते, ते नळाच्या क्लोरीननं आणि पिळण्यानं गेले. टँक लख्ख, मासे उताणे. मग औषध येतं. मिथिलीन ब्लू ओतलं की पाणी निळं होतं आणि उरलेसुरले जिवाणूही जायची पाळी येते. त्यानंतर फोन आम्हालाच येतो, आणि पहिलं वाक्य हमखास हेच असतं, "अहो, सगळं धुऊन काढलं होतं, तरी मेले!"

धुऊन काढलं होतं म्हणूनच मेले. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर या पत्रकातलं बाकीचं विसरलात तरी चालेल. फिल्टरचा स्पंज चोंदला तर टँकमधलंच बादलीभर पाणी काढून घ्या आणि त्यात दोन-तीन वेळा हलकेच दाबा. तपकिरी राहिला तरी राहू दे. रिंगांना शक्यतो हात लावू नका. दोन फिल्टर असतील तर एकाच दिवशी दोन्ही उघडू नका. नव्या टँकमधलं दुधाळ पाणी बहुतेक वेळा आपोआप निवळतं. मासे आत असतील तर चौथा हिस्सा पाणी रोज बदला, खाणं बंद ठेवा आणि अमोनिया मोजत राहा.

आम्ही काय करतो

टँक लावला की पाणी भरून, क्लोरीन घालवून, फिल्टर आणि हीटर चालू करून ठेवतो. मग मासे न सोडता जिवाणूंना खाणं घालतो. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, ४०० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. त्यानं अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. कल्हईवाल्याचा नवसागर वापरू नका, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. आम्ही मोजून पुड्या बांधून देतो. एक पुडी विरघळवायची, दोन दिवसांआड टेस्ट करायची, अमोनिया उतरला की पुढची पुडी. आधी नायट्राइट चढतो आणि बराच काळ वरच राहतो. लोक कंटाळतात ते याच टप्प्यावर. पुडी घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टँक तयार. मग मोठ्या प्रमाणात पाणी बदलून नायट्रेट कमी करायचा आणि मासे न्यायचे. तेही सगळे एकदम, कारण फिल्टर तेवढ्या वजनाला तयार झालेला असतो.

हे लवकर व्हायचा एक रास्त मार्ग आहे. चालू टँकमधला मुरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला तर तो विरजणासारखं काम करतो आणि आठवडे वाचतात. टँक आमच्याकडून घेणाऱ्यांना असा स्पंज आम्ही वेगळे पैसे न घेता देतो. तो ओला ठेवूनच न्यायचा आणि घरी जाताच फिल्टरमध्ये घालायचा. मित्राच्या टँकमधला आणणार असाल तर त्याच्याकडे अलीकडे मासे मेलेत का, हे आधी विचारा. रोगही त्याच स्पंजमधून येतो. बाटलीतले बॅक्टेरिया आम्हीही विकतो. त्यानं मदत होते, पण बाटली ओतली म्हणून टेस्ट न करता मासे देणार नाही.

टेस्ट किट थेंबांचं घ्या. एका बऱ्या डिस्कसपेक्षा ते स्वस्त पडतं. घ्यायचं नसेल तर बाटलीत पाणी आणा, दुकानात मोजून देतो. टँक आमचा नसला तरी.

कोल्हापूरचं पाणी

घरात नळाला नदीचं पाणी येत असेल तर अर्धं काम सोपं आहे. ते बोअरच्या पाण्यापेक्षा मऊ असतं आणि फार्मवर वाढलेल्या डिस्कसना चालतं. अडचण असते ती क्लोरीनची. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्याचा डोस वाढतो आणि नळ सोडला की वास येतो. अशा दिवसांत अँटी-क्लोरीनचे थेंब नेहमीच्या अंदाजानं घालू नका. सगळ्यात बरं म्हणजे २०० लिटरचा ड्रम आदल्या दिवशी भरून ठेवा, त्यात हवेचे बुडबुडे काढणारा एअर स्टोन सोडा आणि हीटर लावून टँकएवढं गरम करून घ्या. आठवड्यातून दोनदा पाव ते तिसरा हिस्सा पाणी या ड्रममधून बदलायचं.

अपार्टमेंटवाल्यांनी एक चौकशी जरूर करावी. वरच्या टाकीत नुसतं महापालिकेचं पाणी चढतं, की बोअरचंही? पुष्कळ ठिकाणी एक दिवस हे, एक दिवस ते. माशाला त्यातला फरक सोसत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर टाकून चार-पाच दिवस मोजा, आकडा उड्या मारत असेल तर कळेलच. बोअर फार जड असेल तर आरओचं पाणी मिसळा, पण शंभर टक्के आरओ नको. क्षार नसले की पीएच घसरतो आणि ज्या जिवाणूंसाठी एवढी वाट पाहिली तेच थंडावतात. पीएच ६.५ ते ७.५ मध्ये कुठंही स्थिर असू दे. तो ६ वर आणायला लिंबू, ॲसिड वगैरे प्रयोग करू नका. नदीतून पकडलेल्या डिस्कसची गोष्ट निराळी, ते आम्ही ठेवत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहरात कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. जुलै-ऑगस्टमध्ये एक ड्रम कायम भरलेला ठेवा. नळ बंद झाले तर पहिल्या दिवसापासून खाणं निम्मं करा. मोठा मासा दोन-चार दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही, घाण पाण्यात राहिला तर होतं. लाइट गेली तर तापमानाची घाई नाही, ४०० लिटर पाणी सावकाश थंड होतं. घाई हवेची असते, कारण गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असावा.

मासे निवडताना

नवख्यांनी तीन इंचांच्या खालचं पिल्लू घेऊ नये. स्वस्त दिसतं, पण त्याला दिवसातून चार-पाच वेळा खाणं आणि जवळजवळ रोज पाणी बदलणं लागतं. डोळा शरीराच्या मानानं मोठा दिसला तर तो मासा खुरटलेला आहे, कितीही रंग असला तरी सोडा. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर तोही नको. आमच्याकडे आलेला माल आम्ही दोन आठवडे वेगळा ठेवतो आणि तो खाताना दाखवूनच देतो. तेव्हा "नवीन लॉट आलाय, त्यातला आजच काढा" असा आग्रह करू नका. आमचा दर दोन पैसे जास्त वाटतो, त्यात हे दोन आठवडे धरलेले आहेत.

पिजन ब्लड जातीच्या माशांना काळं बॅकग्राउंड लावलं तर अंगावर बारीक काळे ठिपके उठतात. त्यांना फिकट निळं लावा. सोबत एंजल नको, गोल्डफिश तर नकोच. "टँक क्लीनर" म्हणून सकर मासा मागतात, तोही नको. तो रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो. कार्डिनल टेट्रांचा थवा चालतो आणि दिसतोही झकास. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, मासे आवडीनं खातात, पण ते गटाराच्या पाण्यात वाढतात आणि रोग घेऊन येतात. आम्ही ते विकणं बंद केलं आहे. फ्रोजन ब्लडवर्म आणि चांगल्या पेलेट्स मिळतील.

वास्तुशांतीला टँक हवा असेल तर तारीख निघाल्याबरोबर कळवा, दीड-दोन महिने आधी. तेवढा वेळ नसेल तर लाकूड, झाडं आणि लाइट लावून टँक सजवून देतो. बिनमाशांचा टँकही दिवाणखान्यात उठून दिसतो. पाहुण्यांनी विचारलं तर मासे यायचेत म्हणून सांगा.

पाणी तपासायला आणताना पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली वापरा, साबणानं धुतलेली नको. टँकमधलं पाणी एका बाटलीत, घरच्या नळाचं दुसऱ्या बाटलीत. दोन्हींवर तारीख लिहा आणि शेवटची पुडी कधी घातली तेही लिहा. सोमवारी दुकान बंद असतं.