बारा व्होल्टचं सागवानी पॅनेल

पॅनेल उलटं करून टेबलावर ठेवलं, तेव्हा आधी नजर गेली ती एका काळ्या डागावर. रुपयाच्या नाण्याएवढा डाग. मधोमध पितळी स्क्रू, त्याच्या डोक्याखाली पिळून अडकवलेली वायर आणि भोवतालच्या प्लायवुडचा कोळसा झालेला. त्याच लाइनवरचा १५ अँपिअरचा फ्यूज मात्र शाबूत होता.

हे पॅनेल माझ्या आतेभावाच्या शिडाच्या बोटीतलं. अलिबागजवळ खाडीत नांगरून ठेवलेली २७ फुटी जुनी फायबरची बोट त्याने घेतली आणि गेलं वर्षभर तो ती आतून उकलून नव्याने बांधतो आहे. अलिबागचा समुद्र आमच्या सोलापूरपासून सव्वातीनशे किलोमीटरहून लांब. तरी विजेचं नवं पॅनेल इथेच करायचं हे त्याचं आधीपासून ठरलेलं होतं, कारण पाडलेल्या वाड्यांचं सागवान इथे मिळतं आणि ते हाताने चाचपून ओळखणारे सुतारकाकाही इथेच आहेत. "दादा, नुसतं देखणं नको. पाच पावसाळे काढले पाहिजेत त्याने," एवढीच त्याची अट.

मी आयुष्यभर इलेक्ट्रिकल शिकवलं, वडील मिलमध्ये वायरमन होते. सागवानी बोर्ड, चिनी मातीचे फ्यूज आणि काळी गोल बटणं यांच्यातच मी वाढलो. तरीही त्या काळ्या डागाने मला दोन दिवस विचार करायला लावला.

फ्यूज का उडाला नाही, हा पहिला प्रश्न. फ्यूज राखण करतो ती वायरची. ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला की तो वितळतो आणि वायर वाचते. इथे करंट वाढलाच नव्हता, उलट थोडा कमीच झाला असणार. ही लाइन होती बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, साधारण ८ अँपिअरची. स्क्रूखालचं उघडं तांबं खाऱ्या हवेने हिरवं, मग काळं पडत गेलं आणि सांध्याचा रोध वाढत गेला. समजा तो ०.३ ओहम झाला. उष्णता निघते करंटचा वर्ग गुणिले रोध या हिशोबाने: ८ गुणिले ८ गुणिले ०.३, म्हणजे १९ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तेवढ्याच जातीची उष्णता एका स्क्रूच्या टोकाशी, बंद कप्प्यात, लाकडाला टेकून. फ्यूजच्या लेखी सगळं ठीकठाक. पंपाला मात्र १२ पैकी सव्वादोन-अडीच व्होल्ट कमी मिळत होते. नेमकं पाणी भरायला लागावं आणि पंपाने दमावं, अशी ती अवस्था.

व्होल्टच्या हिशोबात घरी हेच ०.३ ओहम कुणाच्या खिजगणतीत नसतात. याचं कारण बारा या आकड्यात आहे. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा घ्या. पॅनेलपासून टोकापर्यंत १५ मीटर वायर धरली, तर जाऊन-येऊन ३० मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीचा रोध ०.३५ ओहमच्या आसपास. २५ वॅटचा दिवा घरच्या २३० व्होल्टवर ०.११ अँपिअर घेतो, म्हणजे वाटेत ०.०४ व्होल्ट हरवतात. तोच २५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर २ अँपिअरहून जास्त घेतो आणि वाटेत ०.७ व्होल्ट जातात. म्हणजे ६ टक्के. जुन्या तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. ६ टक्के व्होल्टेज गेलं की जवळजवळ पाचवा हिस्सा उजेड जातो. रात्री समोरून येणाऱ्या ट्रॉलरला तुम्ही दिसणार की नाही, हे त्या पाचव्या हिश्श्यावर असतं. म्हणूनच बोटींच्या मानकांत अशा दिव्यांसाठी ३ टक्क्यांहून जास्त घट चालत नाही. आम्ही तिथे ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि एलईडी दिवा, दोन्ही घातलं.

आता लाकूड.

सुतारकाकांनी फळीवरून रंध्याचा एक हात फिरवला, भुसा नाकाशी नेला आणि म्हणाले, "सर, साग अस्सल आहे. पण हा इथला आहे. तिकडे गेल्यावर पाणी पिणार." याहून नेमकं विज्ञान मी वर्गात सांगितलेलं नाही. लाकूड हवेतल्या ओलीशी सतत देवघेव करत असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता बऱ्याचदा ३० टक्क्यांच्याही खाली जाते; अशा हवेत राहिलेल्या लाकडात वजनाच्या ६-७ टक्केच पाणी उरतं. कोकणच्या पावसाळ्यात, ८५ टक्के आर्द्रतेत, तेच लाकूड १६-१७ टक्क्यांवर जातं. सागाची आडवी कापलेली फळी पाण्याच्या दर एका टक्क्याला रुंदीत साधारण ०.२ टक्का फुगते. ४० सेंटिमीटर रुंद फळी म्हणजे ७-८ मिलिमीटर! घट्ट चौकटीत बसवली तर ती एक तर वाकणार, नाहीतर चौकट फोडणार. आणि तिच्यावर पक्क्या बसवलेल्या पितळी पट्ट्या व स्क्रू त्या ओढाताणीत सैल होणार. सैल सांधा म्हणजे वाढलेला रोध, म्हणजे पुन्हा तोच काळा डाग.

सागाची बदनामी मला करायची नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाने बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. सागात तेलकट, रबरासारखी द्रव्यं असतात. वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण टिकणं वेगळं आणि विजेला रोखणं वेगळं.

खात्री करण्यासाठी मी एक प्रयोग केला. सागाच्या हातभर तुकड्यात इंचाच्या अंतरावर दोन स्क्रू मारले आणि मेगर लावला. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र. मिलमध्ये मोटर सुरू करण्याआधी वडील ते लावायचे, तेव्हा हँडल फिरवावं लागे. काटा थेट अनंतावर. मग तोच तुकडा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला, सकाळी फडक्याने कोरडा पुसला आणि पुन्हा मेगर लावला. काटा शून्याशी जाऊन बसला. पूर्ण सुकवलेलं लाकूड आणि ओलीने तुडुंब झालेलं लाकूड यांच्या रोधात अब्जावधी पटींचा फरक पडतो. इतका फरक दाखवणारे पदार्थ रोजच्या वापरात फार थोडे असतील. लाकडाची ओल मोजायचं दोन टोच्यांचं मीटर याच गुणावर चालतं.

त्यात मीठ. आपल्याकडे बरणीतलं मीठ वर्षातले आठ महिने खडखडीत असतं आणि पावसाळ्यात पाणी धरतं. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओला होतो. म्हणून बोटीतल्या फळीवर बसलेला खारा थर कधी पुरता वाळतच नाही. दोन स्क्रूंमध्ये १२ व्होल्ट आहेत आणि ओल्या लाकडातून एक मिलिअँपिअर झिरपतो आहे, असं धरा. हाताला झटका बसणार नाही, फ्यूजला कळणार नाही, बॅटरीलाही जाणवणार नाही. पण हा झिरपा वर्षभर चालू राहिला, तर फॅरडेच्या नियमाने तो धन बाजूचं सुमारे १० ग्रॅम तांबं विरघळवू शकतो. पॅनेलवरच्या एखाद्या छोट्या जोडपट्टीचं वजनही तेवढं नसतं. ऋण बाजूला त्याच वेळी अल्कली तयार होते आणि ती लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन खाते. स्क्रूभोवतीचं लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं मऊ होतं. जुन्या पॅनेलवर दोन्ही खुणा होत्या. धन बाजूला हिरवी पूड, ऋण बाजूला बोटाने फिरणारे स्क्रू.

मला इथे सगळं कोडं सुटल्यासारखं वाटलं. पॅनेलमध्ये दोनच रोध सांभाळायचे असतात: लाकडाचा रोध प्रचंड मोठा राहिला पाहिजे आणि सांध्याचा अगदी छोटा. ओल नेमकी उलटी चाल खेळते. मोठा आहे त्याला छोटा करते आणि छोटा आहे त्याला मोठा.

त्यामुळे लाकडाकडून विजेचं काम घ्यायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. साग फक्त चौकटीला, कारण पट्टी अरुंद असली की फुगणंही मिलिमीटरभरच. दर्शनी फळी १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची, आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या. प्लायच्या थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्याने एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही, आणि त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात तग धरणारा असतो. वरून सागाचा व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. मागे प्रत्येक तांब्याची पट्टी हायलमच्या, म्हणजे बेकेलाइटच्या जातीच्या कडक शीटच्या, तुकड्यावर, लाकडापासून बोटभर उचललेली. हायलम लाकडाच्या मानाने ओल फारच कमी घेतं आणि सहजी पेट धरत नाही.

प्लायची कमजोर जागा म्हणजे तिच्या कडा आणि भोकं. तिथे तंतूंची तोंडं उघडी पडतात आणि पाणी आत चढतं. म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवल्यावर दगडासारख्या घट्ट होणाऱ्या राळेने, भरायचं आणि वाळल्यावर त्या इपॉक्सीतच योग्य मापाचं भोक पाडायचं. "भोक पाडायचं, बुजवायचं आणि परत पाडायचं?" सुतारकाकांनी विचारलं. चौथ्या भोकापासून त्यांनी ड्रिल माझ्या हातून घेतलं ते शेवटपर्यंत परत दिलं नाही.

चूक माझ्याकडून झाली. मे महिन्याच्या दुपारी एका प्लास्टिकच्या मगमध्ये मी बेताबाहेर इपॉक्सी कालवलं. पाच-सात मिनिटांत मग हाताला चटका देऊ लागला, धूर निघाला आणि सगळा गोळा दगड झाला. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं. उष्णतेने ती क्रिया आणखी वेग घेते. पसरट ताटलीत उष्णता निसटून जाते, उभ्या मगमध्ये कोंडते. वरून सोलापूरचं ४२ अंश. पुढचं सगळं काम पहाटे, स्टीलच्या ताटलीत, थोडं थोडं कालवून केलं.

सांध्यांवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. वायर कल्हई केलेल्या बारीक तारांची. कल्हई तांब्याला हवेपासून झाकते. टोकाला लग, म्हणजे स्क्रूसाठी भोक असलेलं धातूचं टोपण, घालून ते हँडलच्या पक्कडीने दाबून बसवायचं, म्हणजेच क्रिम्पिंग. चांगल्या दाबाखाली तारा आणि लग इतके एकजीव होतात की मध्ये हवा शिरत नाही. सोल्डर नको, कारण ते तारांमधून आत चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन लाटांच्या हिसक्यांनी तुटते. ब्रेकर डीसीचं, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं, रेटिंग छापलेले. घरच्या एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. डीसीची ठिणगी तोडावी लागते. आणि मुख्य फ्यूज पॅनेलमध्ये नव्हे, तर बॅटरीपासून वीतभराच्या आत. बॅटरीचा शॉर्ट झाला तर हजारभर अँपिअर वाहू शकतात, आणि फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला वाली नसतो.

तपासणीची एक युक्ती मात्र इथे सांगायलाच हवी. साध्या मल्टिमीटरने सांध्याचा रोध मोजता येत नाही; मीटरच्या वायरींचाच रोध सांध्याच्या शंभर पट असतो. उपाय सोपा आहे. पंप चालू ठेवायचा, मीटर मिलिव्होल्टवर लावायचा आणि दोन टोकं सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकवायची. ८ अँपिअर वाहताना ४ मिलिव्होल्ट दिसले, तर रोध अर्धा मिलिओहम. ओहमचा नियम, शाळेच्या पुस्तकातला.

मृगाच्या आधी पॅनेल गोणपाटात गुंडाळून अलिबागला गेलं. दसऱ्यानंतर आतेभावाचा फोन आला. मी वही उघडली, तो एकेक सांधा मोजून आकडे सांगत गेला: चार, पाच, चार, तीन. अकराव्या सांध्याला थांबला.

"दादा, इथे नव्वद दाखवतंय."

"हिरवं दिसतंय का?"

"नाही, स्वच्छ आहे."

"मग स्क्रू बघ."

पलीकडून पान्याचा आवाज आला. अर्धा फेरा बसला, म्हणाला. मग पुन्हा मीटर टेकवल्याची शांतता.

"चार."

मी वहीत नव्वद खोडून चार लिहिले आणि बाराव्या सांध्याचा आकडा विचारला.