एका अक्षराची गंमत: शब्द लांब आणि दुर्मीळच का हवा?

'स्थितप्रज्ञ'मध्ये एक 'ग' घुसवला की 'स्थगितप्रज्ञ' होतो: निर्णय घ्यायची वेळ आली की ज्याची बुद्धी पुढची तारीख मागते, तो. 'क्षणभंगुर'चा उकार काढून काना दिला की 'क्षणभंगार': वॉरंटी संपताच बंद पडणारी वस्तू. एखादा कमी वापरातला शब्द घ्यायचा, त्यात एकच फेरफार करायचा आणि नव्या शब्दाला नवा अर्थ द्यायचा, असा हा खेळ. मूळ शब्द मात्र मागून दिसत राहिला पाहिजे. दिसला नाही, तर उरतो तो निव्वळ चुकलेला शब्द.

बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो, कारण ते रोजचा, छोटा शब्द निवडतात. 'पान' घ्या. पहिलं अक्षर बदललं की कान, मान, रान, दान, भान, छान. दुसरं बदललं की पाट, पाठ, पाल, पाक, पाप, पाय, पाव. आता कुणासमोर नुसता 'मान' ठेवला, तर तो 'पान'वरून आला हे त्याला कळणार कसं? एकच अक्षर बदलून तयार होणाऱ्या अशा शब्दांना वाचनाचे अभ्यासक मूळ शब्दाचे 'शेजारी' म्हणतात. मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये शब्दाला किती शेजारी आहेत हे मोजायची पद्धत रूढ केली. शब्द जितका छोटा, तितके त्याचे शेजारी जास्त. लांब शब्द बहुधा एकटा असतो. 'क्षणभंगार'च्या आसपास 'क्षणभंगुर'शिवाय दुसरं कुणीच नाही, म्हणून वाचणाऱ्याचं मन थेट तिथेच जातं. या खेळात लांब आणि दुर्मीळ शब्द लागतो तो एवढ्यासाठी. विद्वत्ता मिरवण्याशी त्याचा काही संबंध नाही.

फेरफार चारच प्रकारचे असतात: अक्षर घालणं, काढणं, बदलणं आणि शेजारच्या दोघांची अदलाबदल. आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी 1964 मध्ये टायपिंगच्या चुका तपासल्या, तेव्हा सुमारे 80 टक्के चुका या चारांपैकी एकाच फेरफाराच्या निघाल्या. पुढच्याच वर्षी रशियन गणिती व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी दोन अक्षरमालांमधलं अंतर यांतल्या पहिल्या तीन फेरफारांच्या संख्येत मोजलं. अनेक शुद्धलेखन तपासनीस अशाच मोजमापावर उभे आहेत. त्यामुळे मोबाइलचा कीबोर्ड तुमची शाब्दिक कोटी 'चूक' समजून मूळ शब्द परत आणतो. पाठवण्याआधी एकदा नजर टाकाच.

अदलाबदलीचं उदाहरण 'निद्रानाश'. शेवटचा काना 'श'नंतर सरकवा: 'निद्रानशा', म्हणजे गजर बंद करून पुन्हा पांघरुणात शिरायची अनावर ओढ. अक्षर काढण्याचा प्रकार मला सर्वांत अवघड वाटतो, पण जमला तर त्याची धार वेगळीच. चिंतेवरचा टिंब काढला की चिता होते. एक मेलेल्याला जाळते, दुसरी जिवंत माणसाला, हे सुभाषित त्या एका टिंबावर उभं आहे. हा खेळ आपल्याकडे जुनाही आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने 'कादंबरी'त शूद्रक राजाचे विरंगुळे सांगताना अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक यांची नावं घेतली आहेत. ही कोडी अक्षर किंवा मात्रा गाळून घातली जात.

देवनागरीत खरा पेच वेगळाच: 'एक अक्षर' मोजायचं कसं? 'अजातशत्रू'चा 'अज्ञातशत्रू' करा (ज्याचे सगळे विरोधक टोपणनावानं लिहितात, तो). डोळ्याला 'जा'चा 'ज्ञा' झालेला दिसतो, म्हणजे एकच अक्षर बदललं. संगणकाच्या लेखी मात्र दोन नवे संकेतांक (प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेले क्रमांक) आले, हलन्ताचा एक आणि 'ञ'चा एक. 'स्थगितप्रज्ञ'मध्ये उलट घडतं. वेलांटी 'थ'वरून उठून 'ग'वर गेल्यासारखी दिसते, म्हणजे डोळ्याला दोन बदल. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या या संकेतांकांच्या पद्धतीत, वेलांटीचा संकेतांक व्यंजनानंतर साठवला जातो, म्हणून तिच्याआधी 'ग' आला एवढंच. या दोन्हींपैकी एका मोजणीत जरी फेरफार एक भरला, तरी शब्द चालवून घ्यावा. त्याहून कडक नियम देवनागरीला लावण्यात अर्थ नाही.

फेरफार कुठे करायचा, यालाही महत्त्व आहे. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी 1966 मध्ये लोकांना दुर्मीळ इंग्रजी शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. शब्द जिभेवर असूनही आठवत नव्हता, अशांना पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर आणि त्यात किती उच्चारखंड आहेत हे सांगता येत होतं. म्हणजे शब्दाचं तोंड हा ओळखीचा मोठा आधार असतो. तेच बदलायचं असेल, तर मागे निदान तीन-चार अक्षरं जशीच्या तशी हवीत. 'अष्टावधानी'चा 'कष्टावधानी' (एकाच कामात लक्ष ठेवतानाही ज्याला घाम फुटतो, तो) चालतो, कारण 'ष्टावधानी' ही लांब शेपूट शाबूत राहते. मधलं अक्षर बदललं तर धोका उलटा: वाचणारा मूळ शब्दच वाचून पुढे जातो. म्हणून मध्ये घ-ध, भ-म, ष-प अशा दिसायला सारख्या जोड्या टाळाव्यात. 'गर्भश्रीमंत'चा 'गर्वश्रीमंत' नजरेत भरतो, 'पाककृती'ची 'पापकृती'ही (डॉक्टरांना न सांगता करायचा पदार्थ).

या सगळ्या शब्दांत बदललेला तुकडा स्वतः ओळखीचा आहे: स्थगित, भंगार, नशा, अज्ञात, कष्ट, गर्व, पाप. 'क्षणभंगोर' केलं असतं तर गंमत मेलीच असती. मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी 1976 मध्ये लोकांना बनावट जोडशब्द दाखवून 'हा शब्द खरा आहे का' असं विचारलं. ज्यांचा पहिला तुकडा खरा शब्द होता, ते नाकारायला लोकांना जास्त वेळ लागला. मन जोडशब्द फोडून वाचतं आणि तुकडा ओळखीचा निघाला की क्षणभर अडतं. कोटीला तो क्षण पुरतो. मराठीतले दुर्मीळ शब्द बरेचसे संस्कृत समास असल्यामुळे दोन तुकड्यांमधली शिवण आयतीच मिळते. 1857 च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पानं चाळली तरी असे समास भरपूर सापडतात.

तरीही फसणारे शब्द असतातच. 'किंकर्तव्यमूढ'चा 'किंकर्तव्यगूढ' वरवर छान दिसतो, पण काय करावं हे कळत नाही आणि काय करावं हे गूढ आहे, यांत फरक तो काय? अर्थ हलला नाही की धक्का बसत नाही. दुसरा सापळा ऱ्हस्व-दीर्घाचा. 'दिन' आणि 'दीन' उच्चारात बहुतेकांना सारखेच ऐकू येतात, त्यामुळे असा बदल वाचणाऱ्याला शुद्धलेखनाची चूक वाटतो. अर्थही कोशातल्यासारखा एका वाक्यात लिहावा, त्यात मूळ शब्द आणू नये. दोन वाक्यं लागली तर शब्द टाकून द्यावा. आणि आधी नुसता शब्द दोघा-तिघांना दाखवावा. अर्थ न सांगता त्यांनी मूळ शब्द ओळखला, तरच पुढे जावं.

रफाराचा खेळ मात्र कान आणि डोळा दोघांनाही पटतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. पहिल्यात 'द' गुरू होतो, दुसऱ्यात लघूच राहतो, म्हणून फरक ऐकूही येतो. 'आचार्यांना नमस्कार' आणि 'आचाऱ्यांना नमस्कार' यांत मान गुरूकडून स्वयंपाक्याकडे जातो. असा शब्द टाइप करताना साधा 'र' न वापरता नुक्तावाला 'ऱ', मग हलन्त, मग 'य' द्यावा. साधा 'र' दिला तर रफार डोक्यावर चढतो आणि आचारी पुन्हा आचार्य होतो.