आरे, दापचरी आणि मुंबईच्या म्हशी

मुंबईत तबेल्यांवरून वाद पेटला की बोलणे वास, डास आणि तुंबलेल्या नाल्यांपासून सुरू होते आणि ‘म्हशी शहराबाहेर हलवा’ इथे येऊन थांबते. मागणी जुनीच आहे. स्वातंत्र्यानंतर म्हशी हलवण्याच्या दोन मोठ्या सरकारी योजना झाल्या, दोन्ही उत्तर कोकणातच. त्यांत गोठ्याची जागा बदलायची ठरली. धंद्याचा हिशेब मात्र तसाच राहिला, आणि खरी मेख तिथेच आहे.

मुळात कोकण हा दुधाचा मुलूख नव्हे. पाऊस धो धो, जमीन जांभ्याची, आणि दसऱ्यानंतर गवतात कस उरत नाही. गावठी गाय दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणार, तेही वासराचे भागवून. गुरे पाळायची ती नांगरासाठी आणि शेणासाठी. चिखलणीला बैल नाहीतर रेडे लागत, राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पेरणीआधी जाळून तयार करायला, शेण लागे. त्यामुळे नर पारडूही घराला जड नव्हते. दूधदुभत्याचा व्यवहार प्रामुख्याने सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवळी-धनगर करत. लोणी-तूप घेऊन खाली उतरायचे आणि धान्य घेऊन वर जायचे.

मुंबईने हे उलटे केले. गिरण्यांचे शहर फुगत गेले, दूध तर टिकत नाही, म्हणून म्हैसच गिऱ्हाइकाजवळ आणून बांधली गेली. गुजरात-हरयाणातून ताजी व्यालेली म्हैस विकत आणायची, आटेपर्यंत पिळायची आणि भाकड झाली की विकून दुसरी आणायची. शहरी भावाची वैरण घालून पुढच्या वेतापर्यंत तिला सांभाळणे परवडत नसे. भाकड म्हशीची वाट बहुधा कत्तलखान्याकडेच जाई. पारडाच्या पोटात गेलेले दूध म्हणजे रोखीचा तोटा. म्हणून पारडे उपाशी राहून काही दिवसांतच मरत. पारडू नसले की म्हैस पान्हा चोरते. त्यावर फुका, आणि पुढे ऑक्सिटोसिन या पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन. फुक्याबद्दल सभ्य शब्दांत लिहिणे अवघडच: जनावराच्या योनीत हवा फुंकून पान्हा सोडवण्याची ही रीत. गांधीजींनी दूध सोडले त्यामागच्या कारणांत हे एक होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने फुका, तसेच दूध वाढवण्यासाठी दिलेली आरोग्याला घातक इंजेक्शने गुन्हा ठरवली.

त्याआधीच, १९५१ मध्ये, गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली होती. कल्पना मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची, उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते. सुमारे १६,००० जनावरांची सोय, पक्के गोठे, नळाचे पाणी, देखरेखीला पशुवैद्य. शहरातल्या कोंदट तबेल्यांपेक्षा हे निश्चितच बरे होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हशी खासगी गवळ्यांच्याच राहिल्या, तेव्हा भाकड म्हैस आणि पारडू यांचे गणितही तेच राहिले. शिवाय जोगेश्वरी-कांदिवलीचे तबेले होते तिथेच होते.

पुढची योजना दापचरीची. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पट्ट्यात मोठी जमीन घेतली गेली, कुर्झे धरण झाले. मुंबईचे तबेले तिकडे न्यायचे असा बेत होता. मुंबईपासून शंभरावर किलोमीटर. इतक्या लांब जाण्यात गवळ्यांना रस नव्हता, आणि बेत बराचसा कागदावरच राहिला. आज दापचरी म्हटले की अहमदाबाद महामार्गावरचा तपासणी नाका आठवतो, दूध नव्हे. १९७६ मध्ये शहरी भागात गुरे पाळण्यावर परवान्याचे बंधन घालणारा कायदाही आला. तबेले टिकले.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणाऱ्या तापाची, साथ आली आणि विषय पुन्हा वर आला. एक म्हैस दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते. १६,००० म्हशींचे किमान २४० टन झाले. शेतच नाही तर ते जाणार कुठे? ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्यांत. यातली ओशिवरा तर आरेच्याच टेकड्यांत उगम पावते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली ती थेट २०२० मध्ये, तीही राष्ट्रीय हरित लवादासमोर प्रकरण गेल्यावर. त्यांचा विषय शेण-मूत आणि सांडपाणी हा आहे, पारडू नव्हे.

तळकोकणात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पॉवर टिलर आले, बैलाचे काम संपले. दूध कोल्हापूरहून पिशवीत घाट उतरून येऊ लागले. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. ती म्हशीला लागू नाही. म्हणून भाकड म्हशीला निदान गिऱ्हाईक मिळते. निरुपयोगी ठरलेला बैल मात्र विकता येत नाही आणि पोसताही येत नाही, तो मोकाट सुटतो. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री बसलेली गुरे आणि त्यांवर आदळणारी वाहने ही तक्रार त्यातूनच आलेली आहे.