नायट्याचा नमुना द्यायला येताय? आधी हे वाचा

नायटा, गजकर्ण किंवा खराब झालेल्या नखाची तपासणी करून घेणारे दोन गोष्टी हमखास विचारतात. एवढी खाज असून रिपोर्टमध्ये ‘बुरशी आढळली नाही’ कसं? आणि कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत उगवून पाहायला, इतके दिवस का?

पहिलं महत्त्वाचं, कारण त्यात तुमचे पैसे वाया जातात. बहुतेक वेळा चट्ट्याला आधीच ट्यूब लावलेली असते. आम्ही चट्ट्याच्या लालसर, उठलेल्या कडेची साल बोथट पात्याने खरवडतो, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे शोधतो. क्रीम लावलेल्या जागी हे धागे सापडेनासे होतात, बुरशी मात्र पुरती गेलेली नसते. मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडची ट्यूब तर आणखी वाईट. खाज थांबते, कड पुसट होते आणि नायटा पसरत राहतो.

म्हणून शक्यतो दोन आठवडे ट्यूब, पावडर, घरगुती लेप काहीच न लावता या. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र त्यांना विचारूनच थांबवा. काही लावलं असेल तर ती ट्यूब सोबत आणा, नेलपॉलिश काढून या. तालमीतल्या मुलांनी माती धुऊन, अंग कोरडं करून यावं.

आता कल्चर. ही बुरशी सावकाश वाढते. चार आठवडे वाट पाहिल्याशिवाय आम्ही ‘निगेटिव्ह’ लिहीत नाही, कुणी कितीही घाई केली तरी. २०२० साली नाव मिळालेली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही बुरशी आपल्याकडे फार पसरली आहे आणि तिच्यावर टर्बिनाफिनच्या गोळ्या अनेकदा चालत नाहीत. कोणतं औषध चालेल हे तपासायला आधी बुरशी उगवावी लागते. गोळ्यांचे कोर्स करूनही नायटा परत येत असेल, तर कल्चरचा खर्च वसूल होतो.

शेतात अनवाणी राबणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पाऊल सुजून, भोकं पडून पुवातून दाणे येत असतील तर तो मायसेटोमा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला. तो बुरशीने होतो तसा जिवाणूंनीही होतो आणि दोन्हींचे उपचार वेगळे. त्याच्या तपासणीसाठी ऑपरेशन करून काढलेला मांसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या रसायनात) टाकला की कल्चर होतच नाही. कल्चरचा तुकडा सलाइनमध्येच हवा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काउंटरवर सांगा, निर्जंतुक सलाइनची बाटली आम्ही मोफत देतो.