इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर नेमकी कुठली सेटिंग कमी करायची? त्यामागचा इतिहास

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, म्हणजे इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या (चित्र काढणारा भाग प्रोसेसरसोबतच असलेल्या) लॅपटॉपवर गेम अडकायला लागला की सल्ला ठरलेला असतो, सगळं लो कर आणि टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं) तर एकदम तळाला ने. लोक बिचारे करतात, गेम चिखलासारखा दिसायला लागतो आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बऱ्याचदा जिथल्या तिथंच राहतो. हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाहीये, पण तो वेगळ्या काळातल्या वेगळ्या हार्डवेअरसाठी होता.

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं पहिलं वूडू कार्ड आलं. नेहमीच्या मॉडेलवर ४ एमबी मेमरी, त्यातली २ एमबी फ्रेम बफरला (स्क्रीनवर जाणाऱ्या चित्राला) आणि २ एमबी टेक्स्चरला. २ एमबीत अख्ख्या लेव्हलच्या भिंती, जमीन, आकाश बसवायचं म्हटल्यावर टेक्स्चर लहान करणं हाच पहिला उपाय होणार ना, कारण कार्डावर जागा संपली की सगळं बसवरून (कार्ड आणि कॉम्प्युटरमधल्या वाटेवरून) परत परत आणावं लागायचं आणि गेम धक्के खायचा. १९९९ च्या क्वेक थ्रीमध्ये तर त्यासाठी आर_पिकमिप नावाची कमांडच होती, एक पायरी वाढवली की टेक्स्चरची लांबी-रुंदी अर्धी आणि मेमरी पाव. टेक्स्चर लो करायची सवय पडली ती अशा कार्डांवर, म्हणजे अडचण जागेची होती.

इंटिग्रेटेडची गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. इंटेलनं फेब्रुवारी १९९८ मध्ये आय७४० नावाचं कार्ड काढलं, ते टेक्स्चर एजीपी या ग्राफिक्स कार्डाच्या जोडणीवरून थेट कॉम्प्युटरच्या रॅममधून वाचायचं. बाजारात ते काही चाललं नाही, पण त्याचंच तंत्र पुढं १९९९ च्या ८१० चिपसेटमध्ये गेलं आणि तिथं फ्रेम बफरसुद्धा रॅममध्येच आला. आता बघा, त्या वेळची पीसी१०० रॅम सेकंदाला जास्तीत जास्त ८०० एमबी देणार, त्यातूनच प्रोसेसर वाचणार, त्यातूनच ग्राफिक्स वाचणार-लिहिणार आणि स्क्रीनवरचं चित्रही तिथूनच उचललं जाणार. ८१० च्या एका प्रकारात तर खास झेड बफरसाठी (कुठला पिक्सेल किती लांब आहे याच्या नोंदीसाठी) ४ एमबीची वेगळी मेमरी दिली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून बनवणाऱ्यांना माहीत होतं की इथं अडचण जागेपेक्षा वाहतुकीची आहे, आणि ती आजही तीच आहे.

मधल्या काळात आणखी एक भानगड झाली. १९९९ च्या जीफोर्स २५६ पासून व्हर्टेक्सचं (आकारांचे कोपऱ्याचे बिंदू कुठं येतात ते मोजायचं) काम ग्राफिक्स चिपकडे गेलं, पण इंटेलच्या २००४ च्या जीएमए ९०० मध्ये आणि २००५ च्या ९५० मध्येही ते प्रोसेसरच करायचा. त्यामुळं काही गेम सुरूच व्हायचे नाहीत, आणि लोक थ्रीडी-ॲनालाइझसारखं टूल वापरून गेमला खोटं सांगायचे की बाबा आहे, सगळं आहे. गवत काढा, लांबचं दिसणं कमी करा हे सल्ले तेव्हा अगदी बरोबर होते, कारण त्यानं प्रोसेसरवरचं हे काम कमी व्हायचं.

२०११ मध्ये खरा बदल झाला. इंटेलच्या सँडी ब्रिजमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्याच डायवर (सिलिकॉनच्या त्याच तुकड्यावर) आलं, कॅशसुद्धा (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) वाटून घ्यायला लागलं. एएमडीनं २००६ मध्ये एटीआय विकत घेतली होती, त्याचं फळ म्हणजे २०११ चाच लानो हा प्रोसेसर, मोठ्या मॉडेलमध्ये ४०० शेडर (ग्राफिक्सचं गणित करणारे छोटे भाग). आता ४०० शेडर म्हणजे ताकद चांगलीच होती, २००९ च्या रेडिऑन एचडी ५७७० मध्ये ८०० होते म्हणजे तिच्या निम्मे. पण त्या कार्डाला स्वतःची जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला ७६.८ जीबी, आणि लानोला डीडीआर३-१३३३ रॅमची एकच काडी लावली तर १०.६ जीबी, दोन लावल्या तर २१.३, आणि तीही प्रोसेसरसोबत वाटून. म्हणून मला अजूनही वाटतं की कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी रॅम ड्युअल चॅनेलमध्ये (दोन वाटांनी एकाच वेळी) चालतेय का ते बघावं, एवढा फरक मेन्यूतल्या क्वचितच कुठल्या सेटिंगनं पडतो. इंटेलनं २०१३ च्या आयरिस प्रो या इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये १२८ एमबीची ईडीरॅम (वेगवान मेमरी) चिपच्या शेजारी बसवली तीही याच दुखण्यावर, म्हणजे १९९९ ची ती ४ एमबीवाली युक्तीच मोठी होऊन परत आली.

हे एकदा लक्षात आलं की मेन्यू वेगळा दिसायला लागतो. रिझोल्यूशन सगळ्यात वर, कारण १९२०×१०८० म्हणजे जवळपास २०.७ लाख पिक्सेल आणि १२८०×७२० म्हणजे ९.२ लाख, प्रत्येक पिक्सेलमागचं वाचणं-लिहिणं एका झटक्यात निम्म्याहून कमी. मग शॅडो, कारण त्यात दिव्याच्या जागेवरून सीन पुन्हा काढावा लागतो. ही शॅडो मॅपची कल्पना लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि १९८३ मध्ये मिपमॅपवरचा पेपरही त्यांचाच, ज्याच्यामुळं लांबचं टेक्स्चर छोट्या आकारात वाचलं जातं आणि मेमरीवरचा ताण कमी होतो. त्यामुळंच टेक्स्चर मीडियम ठेवलं तरी, रॅम पुरेशी असेल तर, फारसं बिघडत नाही, रॅम ४ जीबी असेल तर मात्र तो जुना सल्ला अजून लागू पडतो. एसएसएओ (कोपऱ्या-खाचांतली हलकी सावली) २००७ च्या क्रायसिसपासून गाजलं, ते एकेका पिक्सेलसाठी डेप्थ बफर (म्हणजे तोच झेड बफर) अनेकदा वाचतं, ते सरळ बंद करावं.

रिझोल्यूशन कमी केलं की मेन्यूतली अक्षरं पण धूसर व्हायची, हे फार त्रासदायक होतं, ते २०१३ च्या बॅटलफील्ड ४ सारख्या गेममधल्या रिझोल्यूशन स्केलनं सुटलं, कारण त्यात फक्त थ्रीडी चित्र लहान होतं. त्यापुढं जून २०२१ मध्ये एएमडीचं एफएसआर (लहान काढलेलं चित्र मोठं करणारं तंत्र) आलं, दुसऱ्या कंपन्यांच्या आणि जुन्या चिपवरही चालणारं, आणि २०२२ मध्ये इंटेलचं तसंच एक्सईएसएस. त्याच वर्षीच्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग कॉम्प्युटरनं तर गणितच वेगळं मांडलं, स्क्रीनच १२८०×८०० ची ठेवली आणि एलपीडीडीआर५ रॅमचा वेग सेकंदाला ८८ जीबीपर्यंत नेला, म्हणजे पिक्सेल कमी आणि रस्ता रुंद.

बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ग्राफिक्सला जास्त मेमरी राखून ठेवायची सेटिंग असते, तिचा उपयोग मुख्यतः सुरू होताना ग्राफिक्स मेमरीचा आकडा तपासणाऱ्या गेमसाठी, वेग वाढत नाही कारण रॅम तीच. आणि पातळ लॅपटॉप आल्यापासून १५ वॉटमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी भागवायचं असतं, म्हणून तिथं एफपीएस ३० किंवा ४० ला बांधून टाकला तर प्रोसेसर कमी वीज खातो, उरलेली ग्राफिक्सला मिळते, आणि गरम होऊन अर्ध्या तासानं गेम मंदावतो तेही बरंचसं थांबतं.