वीसचा पट आणि शाळेचं कुलूप

‘पट वीसच्या खाली गेला की कायद्यानेच जिल्हा परिषदेची शाळा बंद करावी लागते,’ हे गावोगाव ऐकू येतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये असा आकडाच नाही. उलट त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. शाळा चालू ठेवायला किमान पटाची अट त्यात नाही. राज्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी; त्यात वीस मुलांचा आकडा आहे, पण तो शाळा सुरू करण्यासाठी, बंद करण्यासाठी नव्हे.

वीसच्या खालच्या शाळा बंद करण्याची भाषा आली शासनाच्या समूह शाळा (कमी पटाच्या शाळा एकत्र करून केलेली मोठी शाळा) आणि संचमान्यतेच्या (पटानुसार शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) हिशेबातून, म्हणजे खर्चातून. शिक्षक कमी केला की उरलेले गुरुजी एका फळ्यावर चार इयत्ता शिकवतात, मधेच पोषण आहाराचा तांदूळ मोजतात. मग पालक मुलं काढतात आणि पट ‘आपोआप’ घटतो!