उषा कार्यकर्ती (इंदूर)

मध्य प्रदेशातल्या शहरी वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन आरोग्याचे काम करणारी, त्याच वस्तीत राहणारी स्त्री. खेड्यात हेच काम करते ती आशा, शहरात करते ती उषा; सरकारी पत्रकांत आणि मोर्च्याच्या फलकांवर दोघींचा उल्लेख ‘आशा-उषा’ असा जोडीनेच येतो. इंदुरात वस्तीतले लोक तिला दीदी म्हणतात, मराठी घरांत ती ताई असते. ती डॉक्टर नाही, नर्स नाही आणि सरकारी नोकरही नाही. सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका असून झालेल्या कामागणिक तिला पैसे मिळतात. एका कार्यकर्तीकडे २०० ते ५०० घरे, म्हणजे साधारण १,००० ते २,५०० माणसे असावीत, असा राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाचा दंडक आहे.

गरोदर बाईची नोंदणी, तपासण्या, बाळंतपण, नवजात बाळाची देखभाल, लसीकरण, कुपोषण, क्षयरोग, कुटुंब नियोजन, घरोघरचे सर्वेक्षण ही तिच्या कामांची यादी. तिचे मोल मात्र या यादीतून कळत नाही. मोठी सरकारी रुग्णालये, मोफत औषधे, १०८ ची गाडी, अनुदाने हे सगळे इंदुरात आहे. महाराजा यशवंतराव (एमवाय) हे सरकारी रुग्णालय कित्येक वस्त्यांपासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. तरीही कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, कोणता कागद आधी लागतो, डॉक्टर ओरडले तर काय बोलायचे हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिच्यासाठी ते रुग्णालय दूरच राहते. उषा तिच्याबरोबर जाते. कार्यक्रमाच्या पुस्तिकांत या सोबतीला एखादी ओळ मिळते. वस्तीतल्या बाईला विचारले तर ती आधी तेच सांगेल.

वस्त्या

इंदूर म्हटले की मराठी वाचकाला राजवाडा, रामबाग, महाराष्ट्र साहित्य सभा, सानंदची नाटके आठवतात. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षामागून वर्षे पहिले आलेले शहर ही त्याची आजची ओळख. पण २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली सुमारे ३० टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत मोजली गेली होती, आणि इंदुरातला सगळाच मराठी माणूस वाड्यांत किंवा टिळकनगरात राहिलेला नाही. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा कापडगिरण्यांच्या आधाराने परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर, कुलकर्णी का भट्टा हा सारा कामगार इलाखा वसला. तिथे खानदेशातून आणि वऱ्हाडातून आलेली कुटुंबेही होती.

या इलाख्याच्या आरोग्याचा इतिहास गिरण्यांशी बांधलेला आहे. गिरणी चालू होती तोवर कामगाराकडे विमा योजनेचे कार्ड होते आणि नंदानगरात विमा रुग्णालय होते. बायकोचे बाळंतपण, मुलाचा ताप, स्वतःचा खोकला यांसाठी जायची एक ठरलेली जागा होती. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची थकलेली रक्कम मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. नोकरीबरोबर विम्याचे कार्डही गेले. पुढची पिढी रंगकाम, हमाली, रिक्षा, शिवणकाम, धुणीभांडी यांवर जगते आणि या कामांना विमा नाही. आज उषा ज्या घरांत जाते त्यांपैकी अनेकांना आजोबांच्या काळी तिची गरज नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरा मोठा गट झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोन इथून आलेल्या भिल्ल आणि भिलाला मजुरांचा. इमारतीचे काम चालू असेल तिथेच ताडपत्रीखाली त्यांचा संसार असतो आणि काम संपले की तो हलतो. अशी पाले कोणत्याही यादीत नसतात. २००३ नंतर अमेरिकी मदतीने इंदुरात चाललेल्या शहरी बालआरोग्य प्रकल्पात वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन नकाशे काढले गेले, तेव्हा सरकारी यादीबाहेरच्या अनेक वस्त्या उजेडात आल्या. यादीत नाही म्हणजे लसीकरणाचे सत्र नाही, अंगणवाडी नाही, नळ नाही. वस्ती मोजण्याचे काम त्या वस्तीतल्या माणसाविना होत नाही, हा त्या प्रकल्पाचा धडा पुढे उषांच्या कामातही उपयोगी पडला.

पूर्वपीठिका

गावातल्याच माणसाला शिकवून आरोग्याचे काम सोपवण्याची योजना केंद्र सरकारने १९७७ मध्ये आणली होती. मध्य प्रदेशाने १९९५ मध्ये जनस्वास्थ्य रक्षक नेमले. दोन्हींत पुरुषांचाच भरणा झाला आणि अनेक जण हळूहळू छोटे डॉक्टर बनून इंजेक्शने देऊ लागले. स्त्रीच्या हाती हे काम द्यावे हे महाराष्ट्रात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून दाखवून दिले होते. छत्तीसगडच्या मितानिन कार्यक्रमाने (२००२) तीच वाट राज्यभर नेली. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा आल्या. २०१३ मध्ये शहरी अभियान मंजूर झाले आणि शहरांतल्या कार्यकर्तींना त्याचा आधार मिळाला. ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी मिळतो. डिसेंबर २०१९ पासून संजीवनी क्लिनिक हे छोटे सरकारी दवाखानेही वस्त्यांजवळ येऊ लागले आहेत.

बाळंतिणीच्या घरी

उषेच्या साऱ्या कामांत नवजात बाळाच्या घरभेटी सर्वांत बारकाईने आखलेल्या आहेत, आणि त्यांचे मूळ गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून ही पद्धत देशभर लागू झाली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी; घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात.

भेट अशी होते. ताई आधी साबणाने हात धुते आणि ते घरच्यांना दिसेल असे धुते, कारण पाहून सासूही धुवायला लागते. मग थर्मामीटर बाळाच्या काखेत. मग झोळीचा वजनकाटा: बाळाला झोळीत घालून काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा. अडीच किलोच्या आत वजन असेल तर जादा लक्ष. शेवटी श्वास. बाळ शांत असताना कपडा वर करून पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायची. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचे आणि पुन्हा तेवढेच आले तर बाळाला रुग्णालयात न्यायचे. दूध ओढत नाही, तळपाय गार आहेत, श्वास घेताना छाती आत जाते, यांतले एक जरी दिसले तरी थांबायचे नाही. दहावी शिकलेल्या बाईच्या हातातला हा मिनिटभराचा हिशेब न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग वेळेत पकडतो. तो घाईने उरकणे हा या कामातला सर्वांत महाग हलगर्जीपणा होय.

याहून अवघड असते ते घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलणे. मराठी घरांत बाळंतिणीला शेक-शेगडी, बाळाला तेल लावून कढत पाण्याची आंघोळ, घुटी, डोळ्यांत काजळ हे सगळे प्रेमानेच होत असते. एका खोलीच्या घरात बाजेखाली निखारे ठेवले की धूर बाळाच्या छातीत जातो. जाणती ताई शेक बंद करा असे म्हणत नाही. शेक रबरी पिशवीने द्या, शेगडी अंगणात ठेवा, असे सांगते आणि डिंकाच्या लाडवांचे कौतुक करते. नाळेला काही लावू नका, चीक टाकू नका, हे दोन मुद्दे मात्र ती सोडत नाही. सासूचा मान राहिला तरच तिसऱ्या भेटीला दार उघडते, हे प्रशिक्षणापेक्षा वस्तीतच शिकायला मिळते.

२०१८ पासून या भेटी पुढेही वाढल्या आहेत: तिसरा, सहावा, नववा, बारावा आणि पंधरावा महिना. त्यांत वरचे अन्न, वजन आणि बाळाची वाढ पाहायची असते.

कागद

गरीब बाळंतिणीसाठी योजनांची कमतरता नाही. जननी सुरक्षा योजनेतून शहरी आईला १,००० रुपये मिळतात. पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलाला ५,००० रुपये मिळतात. असंघटित मजूर कुटुंबाला मुख्यमंत्री श्रमिक सेवा प्रसूती सहाय्य योजनेतून (२०१८) दोन टप्प्यांत एकूण १६,००० रुपयांची तरतूद आहे. पण त्यासाठी समग्र आयडी (मध्य प्रदेशाचा कुटुंब-ओळख क्रमांक), आधार, बँक खाते, संबल नोंदणी (असंघटित मजुरांच्या राज्य योजनेतली) आणि वेळेवर झालेली गर्भनोंदणी या साऱ्यांचा मेळ बसावा लागतो.

मराठी सुनांच्या बाबतीत तो हटकून फसतो. जळगावची मुलगी लग्न होऊन इंदुरात येते. आधारवर माहेरचे नाव, मधे वडिलांचे नाव. समग्रमध्ये सासरचे आडनाव आणि नवऱ्याचे नाव. लग्नात पहिले नावही बदलले असेल तर दवाखान्याच्या कार्डावर तिसरेच. संगणकाला या तीन वेगळ्या बायका वाटतात आणि पैसे अडकतात. तोडगा एकच: गरोदरपण कळताच, तिसऱ्या महिन्याच्या आत सगळे कागद एका नावावर आणायचे. अनुभवी उषा गर्भनोंदणीच्या दिवशीच आधार मागून पाहते ती यासाठी. कागदांचे काम आरोग्याचे नव्हे असे मानणे चूक आहे. वेळेवर मिळालेले पहिल्या टप्प्याचे चार हजार रुपये म्हणजे घरी दूध आणि सोनोग्राफीचे भाडे; न मिळाले तर ती बाई आठव्या महिन्यापर्यंत चार घरची धुणी धुते.

माहेर आणि भगोरिया

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत वस्तीतही पाळली जाते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की सून भुसावळला, बऱ्हाणपूरला किंवा अकोल्याला जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परतते. नोंदणी इंदुरातली, बाळंतपण कधी दुसऱ्या जिल्ह्यातले, कधी थेट दुसऱ्या राज्यातले. नवजात बाळाच्या भेटींचे ते बेचाळीस दिवस नेमके या फटीत पडतात. इकडची ताई समजते तिकडची पाहते आहे. तिकडच्या आशेच्या वहीत ही बाई नसते. दीड महिन्याच्या लसी चुकतात, कार्ड माहेरच्या कपाटात राहते. यावर वस्तीत रुळलेला उपाय साधा आहे: निघताना कार्डाचा फोटो मोबाईलवर घ्यायचा, माहेरच्या आशेचा नंबर मिळवायचा आणि तिला फोन करायचा. सरकारी पद्धतीत दोन राज्यांच्या कार्यकर्तींना एकमेकींशी जोडणारी सोपी व्यवस्था असायला हवी. तोवर हा फोनच ती व्यवस्था आहे.

आदिवासी मजुरांचे वेळापत्रक वेगळे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात आणि पाले रिकामी होतात. पेरणीच्या दिवसांतही तसेच. त्या आठवड्यात ठेवलेले लसीकरणाचे सत्र वाया जाते. ज्या उषेला हे माहीत आहे ती एएनएमला (लसी देणाऱ्या परिचारिकेला) सांगून सत्र अलीकडे ओढून घेते.

इतर कामे

अंगणवाडी सेविका आणि एएनएम यांच्यासह ‘दस्तक’ मोहिमेत पाच वर्षांखालच्या मुलांची घरोघर तपासणी होते. मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर तीव्र कुपोषण समजून त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवायला सांगतात. रोजंदारीवरची आई चौदा दिवस बसली तर बाकीच्या मुलांनी काय खायचे, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो. अनेकदा शेजारीण, आजी, अंगणवाडी यांच्यात त्या मुलांची वाटणी उषाच करून देते. क्षयरोग्याला सहा महिने गोळ्या चालू ठेवायला लावणे हेही तिचेच काम; एप्रिल २०१८ पासून रोग्याच्या खात्यात पोषणाची रक्कम येते.

करोनाकाळात इंदूर देशातल्या मोठ्या संसर्गकेंद्रांपैकी एक होते. १ एप्रिल २०२० ला टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. सर्वेक्षण त्यानंतरही थांबले नाही. घरोघर जाऊन ताप-खोकल्याची विचारपूस करणाऱ्यांत आशा-उषा होत्या. अनोळखी पथकाला न उघडणारे दार ओळखीच्या बाईला उघडते, हे त्या दिवसांत स्पष्ट दिसले.

मोबदला

शहरी बाळंतपण सरकारी दवाखान्यात करवले तर कार्यकर्तीला ४०० रुपये, नवजात बाळाच्या सर्व भेटी पुऱ्या झाल्या तर २५० रुपये, क्षयरोग्याचा साधा उपचार पूर्ण करवला तर १,००० रुपये, असे दर आहेत. नेहमीच्या ठरावीक कामांसाठी ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने महिना २,००० रुपये केले. राज्य सरकारने २०२३ मध्ये निश्चित रक्कम ६,००० रुपयांवर नेण्याची घोषणा केली.

दर वाढले तरी पद्धतीतला दोष तसाच आहे. पैसा मोजता येणाऱ्या कामाला चिकटलेला आहे. आधारमधले नाव दुरुस्त करायला बाईबरोबर तीनदा जाणे, माहेरच्या आशेला फोन करणे, सासूला समजावण्यात संध्याकाळ घालवणे, यांसाठी दावा-अर्जात रकाना नाही. बाळंतपण ऐनवेळी गुंतागुंतीचे होऊन खासगी रुग्णालयात झाले तर नऊ महिन्यांची धावपळ हिशेबात येत नाही. त्यामुळे ज्या कुटुंबाला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो, त्याच्यापायी कार्यकर्तीचे सर्वांत जास्त नुकसान होते, आणि हे उलटे गणित सुधारल्याशिवाय वंचित घरांपर्यंत पोचण्याची भाषा पोकळच राहील.

अशा योजनांत काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांवर आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांपर्यंतचे उपचारही त्यांना लागू करण्याचे जाहीर झाले. निश्चित वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन या मागण्यांसाठी मध्य प्रदेशातल्या आशा-उषा कार्यकर्ती आणि त्यांच्या पर्यवेक्षक सहयोगी वेळोवेळी संपावर गेल्या आहेत.